घरातील शोभेच्या कागदी झाडांची निगा : चिकट धूळ, उडालेला रंग आणि पावसाळ्यातील ठिपके

प्रश्न
खाडीकाठ, ठाणे

नमस्कार. आम्ही दोघेही नोकरीनिमित्त महिन्यातील बरेच दिवस घराबाहेर असतो. त्यामुळे खऱ्या झाडांना वेळेवर पाणी मिळत नाही, आणि प्लॅस्टिकची झाडे घरात आणायची नाहीत असे आम्ही ठरवले आहे. म्हणून गेल्या हिवाळ्यात एका हस्तकला प्रदर्शनातून तीन कागदी झाडे घेतली : जाड कार्डशीटच्या पानांचा, कमरेइतका उंच मॉन्स्टेरा, क्रेप कागदाच्या नेच्याची टोपली आणि भिंतीवर सोडण्याचा मनीप्लांटचा वेल. मॉन्स्टेराच्या पानांवरील शिरा वेगळ्या कापून चिकटवलेल्या आहेत आणि देठांत तार घालून वरून हिरवा कागद गुंडाळलेला आहे. इतके सुबक काम काही वर्षे तरी जसेच्या तसे राहावे, अशी मनापासून इच्छा आहे.

पावसाळा सुरू झाल्यापासून मात्र तिन्ही झाडांची रया जाऊ लागली आहे. वेल स्वयंपाकघराच्या दारावर सोडलेला आहे. त्याच्या पानांवर धुळीचा चिकट थर बसला असून कोरड्या फडक्याने पुसल्यास तो निघण्याऐवजी पसरतो. नेच्याची टोपली पश्चिमेच्या खिडकीत आहे आणि तिची खिडकीकडची पाने फिकट पिवळी पडली आहेत, आतल्या बाजूची अजून हिरवी आहेत. मॉन्स्टेरा बाहेरच्या भिंतीला लागून कोपऱ्यात ठेवला आहे. त्याच्या खालच्या पानांच्या मागे पांढरट-करडे ठिपके दिसतात, दोन पानांच्या कडा कोणी खरवडल्यासारख्या पातळ झाल्या आहेत आणि कुंडीत वरून पसरलेल्या नारळाच्या काथ्यात टाचणीच्या टोकाएवढे फिकट किडे फिरताना आढळले. त्याचे देठही वाकू लागले आहेत.

ही झाडे स्वच्छ कशी करावीत, त्यांवर पारदर्शक वॉर्निशचा फवारा मारावा का, आणि पावसाळ्यात ती मांडलेलीच ठेवावीत की खोक्यात बांधून ठेवावीत, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर
कागदवेल, पुणे

कागदी फुले आणि झाडे तयार करणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे आपला प्रश्न फार जवळचा वाटला. आपल्या तिन्ही झाडांच्या तक्रारी वेगवेगळ्या आहेत, पण प्रत्येक तक्रार त्या त्या झाडाच्या जागेमुळे उद्भवलेली आहे. म्हणून स्वच्छतेला हात घालण्यापूर्वी आधी जागा बदलाव्यात, अन्यथा महिन्याभरात तेच चित्र पुन्हा दिसेल.

वेलापासून सुरुवात करते. फोडणीच्या आणि तळणाच्या वाफेबरोबर तेलाचे सूक्ष्म कण हवेत पसरतात आणि कागदाच्या तंतूंत मुरतात. त्यावर बसलेली धूळ मग नुसती वर राहत नाही, ती तेलात रुतते. कागदात मुरलेले तेल घरगुती उपायांनी निघत नाही, आणि साबणाचे पाणी लावले तर कागदाला आलेले आकार जातात. चिकट झालेली पाने वाचवण्याचा अट्टहास न करता ती बदलावीत आणि वेल स्वयंपाकघरापासून दूर, शक्य तर आतल्या भिंतीवर न्यावा. कागदी झाडाला स्वयंपाकघरात जागाच नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

चिकट नसलेली साधी धूळ मात्र सहज निघते, फक्त ती जमू देऊ नये. जलरंगासाठी मिळणारा मऊ, रुंद, सपाट ब्रश केवळ याच कामासाठी ठेवावा, पानाखाली तळहाताचा आधार द्यावा आणि देठाकडून टोकाकडे हलक्या हाताने ब्रश फिरवावा. फडके वापरू नये, कारण त्याचे धागे पानांच्या कडांत अडकतात आणि दाबामुळे धूळ कागदात घुसते. नेच्यासारख्या बारीक कापणीच्या पानांना ब्रशही नको. कॅमेऱ्याची भिंग साफ करण्याचा रबरी फुगा वापरावा, किंवा केस वाळवण्याचे यंत्र थंड हवेवर आणि सर्वांत कमी वेगावर ठेवून हातभर अंतरावरून फिरवावे. गरम हवा कटाक्षाने टाळावी, कारण बहुतेक कारागीर पाने जोडताना गरम गोंदाच्या कांड्या वापरतात आणि तो गोंद उष्णतेने पुन्हा मऊ होतो.

क्रेप कागदाच्या बाबतीत एक गोष्ट कायम ध्यानात ठेवावी. त्याचा सारा जीव त्याच्या बारीक चुण्यांत असतो. त्या चुण्यांमुळेच तो ताणता येतो आणि पानाला खोलगट आकार देता येतो. पाणी लागले की चुण्या सपाट होतात आणि बहुतेक क्रेपचा रंगही सुटतो, म्हणून ओले बोटसुद्धा त्याला लावू नये.

देठ वाकण्याचे कारण असे की कागद हवेतील ओलावा शोषतो, पान जड होते, देठाभोवतीचा कागद नरम पडतो आणि सगळा भार एकट्या तारेवर येतो. आतली तार बारीक असेल तर ती झुकतेच. मोठ्या पानांच्या देठांना किमान १८ गेजची, जस्ताचा मुलामा दिलेली तार लागते. गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड, हे खरेदी करताना लक्षात असू द्यावे. आता देठ उलगडण्याची गरज नाही. मागच्या बाजूने बांबूची बारीक कामटी लावून ती हिरव्या कागदी पट्टीने गुंडाळली तरी पुरेल. कुंडीतील काथ्या मात्र आजच काढून टाकावा, कारण तो ओल धरून ठेवतो. त्याऐवजी धुऊन कडक उन्हात वाळवलेली खडी भरली तर कुंडीला वजनही मिळेल.

फवाऱ्याविषयी : क्रेपवर मी तो मारत नाही, कारण त्याने कागद ताठर होतो आणि रंग गडद दिसू लागतो. कार्डशीटच्या पानांवर मात्र चमक नसलेल्या ॲक्रिलिक वॉर्निशचे दोन पातळ थर देण्यास हरकत नाही. त्यामुळे धूळ झटकणे सोपे जाते.

उत्तर
दप्तरखाना, मुंबई

मी एका जुन्या ग्रंथालयात कागदाच्या जतनाचे काम करतो. झाड असो वा पोथी, कागदाचे शत्रू तेच असतात, म्हणून लिहितो.

पानांमागचे पांढरट-करडे ठिपके ही बुरशी असण्याची दाट शक्यता आहे. भिंगातून पाहिल्यास ती तंतुमय, लवदार दिसते आणि जवळ नेल्यास कुबट वास येतो. धुळीला असा वास नसतो. हवेतील सापेक्ष आर्द्रता बराच काळ ६५ ते ७० टक्क्यांच्या वर राहिली की कागदावर बुरशी धरू लागते, आणि ठाणे-मुंबईच्या पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर असणे नित्याचे आहे. त्यातही पावसाचा मार खाणारी बाहेरची भिंत आतून थंड असते, त्यामुळे तिच्या लगतच्या हवेत खोलीच्या मधल्या हवेपेक्षा जास्त आर्द्रता साठते. म्हणूनच आपल्या मॉन्स्टेराला आधी बुरशी लागली. त्याला त्या कोपऱ्यातून काढावे आणि कोणत्याही भिंतीपासून निदान वीतभर अंतरावर, हवा खेळत राहील अशा ठिकाणी ठेवावे. एक साधे आर्द्रतामापक घरात ठेवल्यास नेमकी कोणती जागा ओलसर आहे हे अंदाजाने ठरवावे लागत नाही.

बुरशी ओली असताना ती मुळीच पुसू नये, कारण ती पसरते आणि तिचा डाग कागदात उतरतो. ते झाड इतर कागदी वस्तूंपासून वेगळे करावे आणि पंख्याचा झोत थेट न लावता कोरड्या खोलीत पूर्ण वाळू द्यावे. वाळल्यावर बुरशी निष्क्रिय आणि भुकटीसारखी होते. मग नाकातोंडाला मास्क लावून, घराबाहेर किंवा गच्चीत, मऊ ब्रशने ती अंगापासून दूर झटकावी आणि तो ब्रश पुन्हा दुसऱ्या झाडाला लावू नये. घरात कोणाला दमा असेल तर हे काम त्यांनी करू नये. स्पिरिट किंवा सॅनिटायझर लावण्याचा मोह अनेकांना होतो, पण त्याने क्रेपचे आणि छापील कागदाचे रंग विरघळतात.

काथ्यातील फिकट, अतिसूक्ष्म किडे बहुधा पुस्तकांत आढळणाऱ्या उवा असाव्यात. नाव भीतीदायक असले तरी त्या प्रामुख्याने डोळ्यांना न दिसणाऱ्या बुरशीवर जगतात आणि माणसाला चावत नाहीत. त्या दिसणे म्हणजे तेथे ओल आहे याची खात्रीची खूण आहे. जागा कोरडी झाली की त्या औषधाशिवाय मरतात. खरवडल्यासारख्या कडा हे मात्र वेगळ्या किडीचे काम आहे, आणि ती कीड म्हणजे कसर. चंदेरी, चपटी, दिवा लावताच पळणारी ही कीड कागदावरील खळ आणि पिष्ट खाते, म्हणून जेथे गव्हाची खळ वापरलेली असते तेथे ती हमखास येते. आपल्या झाडाच्या शिरा कोणत्या गोंदाने चिकटवल्या आहेत हे ते झाड करणाऱ्या कारागिराला जरूर विचारावे. जुने बुकबाइंडर खळीत मोरचूद घालत असत ते यासाठीच; परंतु मोरचूद विषारी असल्यामुळे घरात हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी मी ते सुचवणार नाही.

कीड लागलेली पाने सुटी करता येत असतील तर आम्ही ग्रंथालयात करतो तो उपाय घरीही जमतो. पाने पूर्ण कोरडी करून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावीत, हवा काढून पिशवी घट्ट बंद करावी आणि उणे १८ अंश सेल्सिअसपर्यंत जाणाऱ्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण एक दिवस उघडू नये, म्हणजे धरणारे दव पिशवीच्या बाहेरच राहते. याने कीड आणि तिची अंडी मरतात, बुरशी मात्र मरत नाही.

आता रंगाकडे येतो, कारण हे नुकसान कायमचे असते. पिवळेपणाला येथे दोन कारणे असू शकतात. एक, क्रेपमधील रंगद्रव्ये प्रकाशाने विघटित होतात. दोन, लाकडाच्या स्वस्त लगद्यापासून केलेल्या कागदात लिग्निन हा लाकडातला नैसर्गिक घटक उरलेला असतो आणि तो प्रकाश व हवेच्या संपर्कात पिवळा पडतो, वर्तमानपत्र पडते तसाच. लिग्निन नसलेला, लांब तंतूंचा कागद किती टिकतो हे पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दप्तर पाहिल्यावर कळते. संग्रहालयांत कागदावर साधारण ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे प्रकाशाची तीव्रता मोजण्याचे एकक) जास्त प्रकाश पडू नये असा दंडक आहे, तर थेट उन्हात तो १,००,००० लक्सच्या आसपास असतो. पश्चिमेच्या खिडकीतील एक दुपार टोपलीला किती महागात पडते याचा यावरून अंदाज यावा. खिडकीची काच अतिनील किरणांचा काही भागच अडवते, आणि शिवाय डोळ्यांना दिसणारा प्रकाशही रंग उडवतो, त्यामुळे काचेवर फिल्म चिकटवून प्रश्न पूर्ण सुटत नाही. टोपली खिडकीतून काढून खोलीच्या आतल्या बाजूला, एलईडी दिव्याच्या प्रकाशात ठेवणे हाच उपाय. उडालेला रंग परत येत नाही.

वॉर्निशच्या बाबतीत मात्र मी कागदवेल यांच्याशी सहमत नाही. आधीच बुरशीची लागण झालेल्या पानावर थर दिला तर ती आत कोंडली जाते, आणि पुढे त्या पानाची कोणतीही दुरुस्ती अवघड होते. नव्या, कोरड्या पानांवर थर द्यायचाच असेल तर उन्हाळ्यात द्यावा, जुलैमध्ये कदापि देऊ नये.

उत्तर
कागदवेल, पुणे

बुरशी लागलेल्या पानावर थर देऊ नये, हे आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. नवी पाने करण्यासाठी कागदाचा विषय निघालाच आहे तर सांगते, की शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० सालापासून कार्यरत आहे आणि तेथे सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद मिळतो. लाकडाच्या लगद्याचा नसल्यामुळे तो लिग्निनने पिवळा पडत नाही. मी मोठ्या पानांसाठी तोच वापरते आणि त्यावर ॲक्रिलिक रंग हाताने देते, कारण हे रंग क्रेपमधील रंगांपेक्षा प्रकाशात कितीतरी जास्त टिकतात.

उत्तर
किनारपट्टी, रत्नागिरी

आमच्याकडे समुद्र जवळ असल्यामुळे ओलाव्याबरोबर खारट हवेचाही त्रास होतो. साध्या लोखंडी तारेचा गंज देठाच्या कागदातून तपकिरी डागांच्या रूपाने वर येतो, म्हणून येथील घरांसाठी ॲल्युमिनियमची तार चांगली, जरी ती थोडी जाड घ्यावी लागली तरी.

पावसाळ्यात झाडे बांधून ठेवावीत का, या प्रश्नाला माझे उत्तर होय असे आहे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्याआधी, कोरडी हवा असतानाच ती खोक्यात जायला हवीत. ओल शिरल्यावर खोके बंद केले तर आपण बुरशीलाच आसरा देतो. खोका झाडापेक्षा मोठा असावा, कुंडी तळाशी पट्टीने पक्की करावी, पानांच्या मध्ये पांढऱ्या पातळ कागदाचे सैल बोळे ठेवावेत, आणि खोका गळक्या स्लॅबखालच्या माळ्यावर न ठेवता खोलीतील कपाटात ठेवावा. आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात. रंग बदलणारे जेल घेतल्यास ते ओलाव्याने भरले की नाही हे कळते. त्यातही निळ्याऐवजी नारिंगी प्रकार घ्यावा, कारण निळ्यात कोबाल्ट क्लोराइड हे विषारी रसायन असते. भरलेले जेल ओव्हनमध्ये सुमारे १२० अंश सेल्सिअसला वाळवून पुन्हा वापरता येते. काही लोक तांदळाची पुरचुंडी ठेवतात, ती मात्र किडीला निमंत्रण ठरते. पाणी जमणारे ओलावाशोषक डबेही कागदाच्या खोक्यात नकोत, कारण डबा कलंडला तर सगळेच संपते.

कसरीसाठी खोक्यात डांबरगोळ्या किंवा वेखंड ठेवता येईल.

उत्तर
वऱ्हाडपाणी, नागपूर

आमच्याकडील अडचण उलटी आहे, तरी कोरड्या भागातील वाचकांसाठी नोंदवून ठेवतो. एप्रिल-मे महिन्यांत हवा इतकी कोरडी असते की कार्डशीटच्या कडा वळतात आणि घडीवर चिरा पडतात. गरम गोंदाचे जोडही सुटतात. अशा वेळी लोक कूलर लावतात आणि झाड नेमके त्याच्या झोतात येते. कूलरची हवा ओलसर असते आणि गवताच्या ताट्या नव्या असतील तर पाण्याचे तुषारही उडतात, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात कागदाला बुरशी लागलेली मी पाहिली आहे. झाड कूलरच्या समोरच्या भिंतीवर कधीही ठेवू नये.

खाडीकाठ, ठाणे

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काथ्या काढला आहे, मॉन्स्टेरा खोलीच्या मध्यभागी आणला आहे आणि टोपली खिडकीतून हलवली आहे. आता तीन शंका उरतात. आमच्याकडे मुलीचे दीड वर्षाचे बाळ नेहमी येते, तेव्हा डांबरगोळ्या चालतील का? डाग पडलेली पाने आम्हांला स्वतः बदलता येतील का? आणि गणपतीच्या दिवसांत मॉन्स्टेरा मखराच्या बाजूला ठेवण्याची आमची इच्छा आहे, तर त्या ओलसर दिवसांत तो बाहेर काढणे योग्य होईल का?

उत्तर
दप्तरखाना, मुंबई

बाळ घरात वावरत असताना डांबरगोळ्या मुळीच ठेवू नयेत. त्या नॅफ्थलीनच्या असतात, मुले त्या गोळ्या-मिठाई समजून तोंडात घालतात, आणि ज्या मुलांत जी-६-पी-डी या विकराची जन्मजात कमतरता असते त्यांच्या रक्तातील लाल पेशी नॅफ्थलीनमुळे फुटू शकतात. रत्नागिरीच्या मित्रांनी सुचवलेले वेखंड जुन्या पोथ्यांच्या दप्तरांतही ठेवत असत. ते सुती कापडाच्या पुरचुंडीत, कागदाला न टेकेल असे आणि बाळाच्या हाती न लागेल असे ठेवावे. तरीही खरा भरवसा कोरडेपणावरच ठेवावा. महिन्यातून एकदा खोका उघडून टॉर्चच्या उजेडात पानांची मागची बाजू तपासावी.

उत्तर
कागदवेल, पुणे

पाने बदलणे अवघड नाही. देठाच्या टोकाशी पान जेथे चिकटवले आहे तेथे धारदार पातळ पातीने जोड उकलावा आणि जुने पान टाकून देण्यापूर्वी त्याची बाह्यरेषा एका कागदावर गिरवून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी नमुना हाताशी राहील. ठिपके असलेले पान गिरवण्यापूर्वी वाळवून, झटकून घ्यावे. नवे पान कापल्यावर मधल्या शिरेवर बोथट सुईने रेघ ओढून घडी घालावी आणि कडा लाटण्याभोवती हलकेच वळवाव्यात. जोडासाठी फेविकॉलसारखा पांढरा गोंद अगदी थोडा घ्यावा, कारण तो पिष्टाचा नसल्यामुळे कसर त्याकडे सहसा वळत नाही, आणि तो पूर्ण वाळेपर्यंत पान चिमट्याने धरून ठेवावे. सगळी पाने एकदम बदलू नयेत. नवी-जुनी पाने मिसळलेली असली तर झाड अधिक खरे वाटते.

गणपतीसाठी झाड जरूर बाहेर काढावे. मार्च २०१८ मध्ये राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आल्यापासून कागदी सजावटीची मागणी वाढली आहे, आणि आपले झाड त्या जागी फार शोभून दिसेल. ते समई, निरांजन आणि कापराच्या आरतीपासून चार-पाच फूट दूर, आणि आरती ओवाळणाऱ्यांच्या हाताच्या टप्प्याबाहेर असावे. उदबत्तीची राख आणि ठिणगी पानांवर पडणार नाही याकडेही लक्ष द्यावे. दिव्यांची माळ गुंडाळायची असेल तर ती एलईडीचीच घ्यावी आणि तिचे वीज जोडणारे खोके पानांना टेकू देऊ नये. पाणी शिंपडताना झाड मध्ये येऊ नये, आणि ओला हार किंवा दूर्वांची जुडी त्यावर टाकू नये, कारण झेंडूच्या पाकळ्यांचा ओला डाग कागदावरून जात नाही. विसर्जनानंतर झाड लगेच खोक्यात भरू नये. पाऊस नसलेल्या एखाद्या दिवशी पंख्याखालच्या नव्हे, पण हवा खेळत्या खोलीत ते दिवसभर ठेवावे, पाने झटकावीत, ताजे वाळवलेले सिलिका जेल घालावे आणि मगच खोका बंद करावा.